संख्या भरपूर, सत्ता अपुरी

ब्रिटनमधल्या बड्या प्रकाशनसंस्थांत बहुसंख्य कर्मचारी स्त्रिया आहेत. मग त्यांना वेगळ्या संघटना कशाला हव्यात, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर २०१८ साली आकड्यांतूनच मिळालं. अडीचशे किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत जाहीर करणं कायद्याने भाग पडलं, तेव्हा हॅशेट यूके या प्रकाशनसंस्थेतली सरासरी तफावत सुमारे ३० टक्के निघाली. एकाच कामाला दोन पगार, असा याचा अर्थ नव्हे. गलेलठ्ठ पगाराच्या वरच्या खुर्च्यांवर पुरुषांचं प्रमाण जास्त होतं. हे दुखणं जुनंच. लंडनमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या 'विमेन इन पब्लिशिंग' या संघटनेसाठी १९८९ मध्ये जो अहवाल निघाला, त्याचं शीर्षकच विचारत होतं : संख्येने दुप्पट, सत्तेने निम्म्या?

याचं एक कारण असं, की हा व्यवसाय बराचसा ओळखीपाळखीवर चालतो. कोणती जागा रिकामी होणार, कुठे किती पगार मागता येतो, कोणता लेखक प्रकाशक बदलायच्या विचारात आहे, हे जाहिरातीत छापून येत नाही. गप्पांच्या ओघात कळतं, आणि त्या गप्पांत शिरकाव नसलेल्यांना कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये पुस्तकविक्रेत्यांच्या संघाने स्त्रियांना दारं बंद ठेवली, तेव्हा १९१७ साली त्या स्त्रियांनी स्वतःची 'विमेन्स नॅशनल बुक असोसिएशन' काढली. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला तो त्यानंतर, १९२० मध्ये. या संघटनेने विक्रेत्यांसोबत प्रकाशक, ग्रंथपाल, लेखिका यांनाही सामावून घेतलं. त्यामुळे एका खात्यातली खबर दुसऱ्या खात्यापर्यंत पोचायची वाट तयार झाली.

स्त्रियांचा वेगळा गट म्हणजे समतेलाच छेद, असा आक्षेप घेतला जातो. पण पुरुषांचे गट आधीपासून होतेच. ते रूढ असल्यामुळे वेगळे वाटत नव्हते, इतकंच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अशा संघटनांचा लाभ महानगरातल्या, आधीच ओळखी असलेल्या स्त्रियांना होतो, आणि ओळख झाली म्हणून बढती मिळत नाही. हे खरं आहे. १८९६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रकाशक संघाला पहिली स्त्री अध्यक्ष २००४ मध्ये लाभली, दुसरी २०२१ मध्ये. बढतीचा निर्णय शेवटी संचालक मंडळच घेतं. म्हणूनच नुसत्या गाठीभेटींवर थांबून चालणार नाही. प्रशिक्षण सर्वांना परवडेल असं हवं, आणि कंपन्यांवर माहिती उघड करण्याचा दबावही हवा. पगारश्रेणी आणि बढतीचे निकष शिपायापासून संपादकापर्यंत सगळ्यांना ठाऊक झाले, तर ओळखीची किंमत आपोआप उतरेल. अशा संघटनेचं यश सभासदसंख्येपेक्षा याच कसोटीवर जोखायला हवं.