टक्के, पण कशाचे?

24 जानेवारी 2012 च्या रात्री अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी संसदेपुढच्या 'स्टेट ऑफ द युनियन' या वार्षिक भाषणात सांगितले की अब्जाधीश वॉरन बफे यांना त्यांच्या सेक्रेटरीपेक्षा कमी दराने कर पडतो. त्या सेक्रेटरी तेव्हा सज्जात मिशेल ओबामा यांच्या पाहुण्यांमध्ये बसल्या होत्या. योगायोग असा, की रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतले मिट रॉम्नी यांनी त्याच दिवशी आपली करविवरणपत्रे खुली केली. 2010 मध्ये त्यांचे उत्पन्न 2 कोटी डॉलरहून अधिक होते आणि त्यावर त्यांना 13.9 टक्के प्राप्तिकर पडला होता. तेव्हा पेटलेला वाद अजून शमलेला नाही. त्यातले बरेचसे आकडे खरे आहेत. घोळ होतो तो ते आकडे कशाचे आहेत हे न विचारल्यामुळे.

गैरसमज: राष्ट्राध्यक्षांनी भाषणात सांगितले, म्हणजे कर लागू झाला.

आपल्याकडे अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडतात, लोकसभेत सरकारचे बहुमत असते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापलेले स्लॅब बहुधा तसेच लागू होतात. अमेरिकेत तसे नाही. तिथल्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसला, म्हणजे संसदेला, देशाची स्थिती कळवायची आणि शिफारशी करायच्या, एवढेच. कराचे विधेयक प्रतिनिधिगृहातच सुरू व्हावे लागते, आणि 2012 मध्ये ते गृह विरोधकांच्या हातात होते. वर्षाला 10 लाख डॉलरहून जास्त कमावणाऱ्याला किमान 30 टक्के कर पडावा, हा ओबामांचा 'बफे नियम' 16 एप्रिल 2012 रोजी सिनेटमध्येच अडकला. बाजूने 51 मते पडली, विरोधात 45, पण चर्चेचा मार्ग मोकळा व्हायला 60 हवी होती. बहुमत मिळूनही प्रस्ताव बारगळला.

गैरसमज: अमेरिकेत श्रीमंतांना मध्यमवर्गापेक्षा कमी कर पडतो.

बफे यांनी स्वतःचा हिशेब ऑगस्ट 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात मांडला होता. सुमारे 69 लाख डॉलर कर, म्हणजे करपात्र उत्पन्नाच्या 17.4 टक्के. त्यांच्या कार्यालयातल्या बाकी 20 जणांचा दर 33 ते 41 टक्क्यांच्या दरम्यान होता. हे आकडे वाचताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, त्यांत प्राप्तिकरासोबत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी पगारातून कापला जाणारा करही धरला आहे, आणि मालकाने भरलेला त्याचा हिस्सासुद्धा. दोन, टक्केवारी वजावटी वगळून उरलेल्या उत्पन्नावर काढलेली आहे. त्यामुळे ती एकूण कमाईवरच्या दरापेक्षा मोठी दिसते.

मग फरक कुठून आला? तेव्हा पगारावर सर्वांत वरचा दर 35 टक्के होता, तर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर आणि लाभांशावर 15. बफे यांची बहुतेक मिळकत दुसऱ्या प्रकारची. शिवाय सोशल सिक्युरिटीचा कर तेव्हा 1,06,800 डॉलरपर्यंतच्या वेतनावरच लागत होता. रिपब्लिकनांचे उत्तर असे, की बफे यांच्या कंपनीने नफ्यावर आधीच कर भरलेला असतो आणि तो भार शेवटी भागधारकावरच पडतो. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. तो भार भागधारक, कामगार आणि ग्राहक यांच्यात कसा वाटला जातो, यावर अर्थतज्ज्ञांचेही एकमत नाही.

पण बफे म्हणजे सगळे श्रीमंत नव्हेत. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने सगळे केंद्रीय कर मिळून काढलेला सरासरी दर 2011 मध्ये मधल्या 20 टक्के कुटुंबांसाठी सुमारे 11 टक्के होता आणि सर्वांत वरच्या 1 टक्क्यासाठी सुमारे 29. न्यू जर्सीतला मराठी डॉक्टर किंवा कॅलिफोर्नियातली मराठी इंजिनिअर पगारावर जगते. अशांना 'श्रीमंत कर चुकवतात' हे ऐकून राग येतो, आणि तो रास्त आहे. प्रश्न संपत्तीवर जगणाऱ्या मूठभरांचा आहे. त्यांच्यासाठी वापरलेले वाक्य सगळ्या सुखवस्तू लोकांवर फेकले, की न्याय्य मागणीच कमजोर होते.

गैरसमज: निम्मे अमेरिकन करच भरत नाहीत.

हा दुसऱ्या बाजूचा. सप्टेंबर 2012 मध्ये रॉम्नी यांच्या एका खाजगी निधीसभेची चित्रफीत बाहेर आली आणि प्राप्तिकर न भरणाऱ्या 47 टक्के लोकांचा आकडा घरोघरी पोचला. आकड्याला आधार होता: टॅक्स पॉलिसी सेंटर या संशोधन संस्थेच्या अंदाजाने 2011 मध्ये सुमारे 46 टक्के कुटुंबांना केंद्रीय प्राप्तिकर लागला नाही. मात्र त्यांतली निम्म्याहून अधिक कुटुंबे पगारातून कापला जाणारा कर भरतच होती. उरलेल्यांत बहुतेक निवृत्त म्हातारी माणसे किंवा फारच कमी उत्पन्नाची घरे. बहुतेक राज्यांतला विक्रीकर, पेट्रोलवरचा कर तर कुणालाच सुटत नाही. राबणाऱ्या माणसाला फुकटखाऊ ठरवणारा हा आकडा मला त्या निवडणुकीतला सर्वांत अन्यायकारक वाटतो.

टक्क्यांबद्दलचा आणखी एक घोळ: वरच्या स्लॅबचा दर वाढला की सगळ्या कमाईवर तो लागतो, हा समज भारतातही आहे. तो चूक आहे. वाढीव दर फक्त त्या मर्यादेवरच्या रकमेला लागतो.

गैरसमज: अब्जाधीशांना 8.2 टक्केच प्राप्तिकर लागतो.

7 मार्च 2024 च्या 'स्टेट ऑफ द युनियन' भाषणात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी हा आकडा वापरला. तो व्हाइट हाउसच्या अर्थतज्ज्ञांनी 2021 मध्ये 400 सर्वांत धनाढ्य कुटुंबांसाठी काढला होता. त्यात उत्पन्न म्हणून न विकलेल्या शेअर्सची वाढलेली किंमतही धरली आहे. कायदा तिला उत्पन्न मानत नाही. कर खात्याच्या आकड्यांनुसार 2014 मध्ये सर्वाधिक उत्पन्न दाखवणाऱ्या 400 करदात्यांचा सरासरी दर सुमारे 23 टक्के होता. ही 400 माणसे तीच नव्हेत, मोजमापही वेगळे. बायडन यांनी व्याख्या न सांगता आकडा सांगितला, ही मला चूक वाटते. कारण त्यामागचा प्रश्न खरा आहे आणि तो सोप्या शब्दांत सांगता आला असता.

100 डॉलरला घेतलेला शेअर 1,000 चा झाला, तरी विकेपर्यंत त्यावर कर नाही. मालक तो तारण ठेवून कर्ज काढतो आणि खर्च भागवतो. कर्ज हे उत्पन्न नसल्यामुळे त्यावरही कर नाही. मालक वारला, की वारसासाठी शेअरची मूळ किंमत 1,000 धरली जाते आणि मधल्या 900 डॉलरवर प्राप्तिकर कधीच लागत नाही. वारसाकर वेगळा आहे, पण 2024 मध्ये त्याची सूटच माणशी 1 कोटी 36 लाख डॉलर होती. ही वाट बंद करण्याची मागणी ओबामांनी 2015 च्या भाषणात केली, पुढे बायडन यांनीही केली. काँग्रेसने ती मान्य केलेली नाही.