प्राणिजन्य रोगांचे नियंत्रण : खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

प्राण्यांपासून माणसाला नैसर्गिकरीत्या होणाऱ्या संसर्गजन्य रोगांना प्राणिजन्य रोग असे म्हणतात. रेबीज, ब्रुसेल्लोसिस, लेप्टोस्पायरोसिस, निपाह, क्यासनूर जंगल रोग ही त्यांची परिचित उदाहरणे होत. माणसाच्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के आणि नव्याने उद्भवणाऱ्या रोगांपैकी सुमारे ७५ टक्के रोगांचा उगम प्राण्यांमध्ये असतो, असा अंदाज आहे. यांपैकी काही रोगांवर प्रभावी लस अनेक दशकांपासून उपलब्ध आहे. तरीही विकसनशील प्रदेशांत ते टिकून आहेत. याची कारणे केवळ वैद्यकीय नाहीत, तर बऱ्याच अंशी आर्थिक आणि प्रशासकीय आहेत.

दारिद्र्य आणि पशुधन

आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १३ प्रमुख प्राणिजन्य रोगांमुळे जगात दरवर्षी आजारपणाच्या सुमारे २४० कोटी घटना घडतात आणि सुमारे २२ लाख मृत्यू होतात. भारत, इथिओपिया आणि नायजेरिया या देशांवर हा भार विशेष आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील पशुधन ५३.५८ कोटी होते. भूमिहीन वा अल्पभूधारक कुटुंबाच्या दृष्टीने गाय किंवा शेळी म्हणजे उत्पन्नाचे साधन आणि अडीअडचणीची शिल्लक. त्यामुळे प्राणिजन्य रोगाचा आघात दुहेरी असतो. जनावराचे उत्पन्न घटते आणि घरातील कमावती व्यक्तीही अंथरुणाला खिळते.

बाजारयंत्रणेची मर्यादा

ब्रुसेल्लोसिस या जिवाणूजन्य रोगात गाभण गाय गाभडते. पडलेला गर्भ वा वार हाताळल्याने किंवा कच्चे दूध प्यायल्याने माणसाला संसर्ग होतो. वारंवार येणारा ताप आणि सांधेदुखी ही लक्षणे इतर आजारांसारखीच असल्याने निदान अनेकदा चुकते. चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना लस टोचणे, हा प्रतिबंधाचा मुख्य उपाय आहे. या लसीचा लाभ पशुपालकापुरता मर्यादित राहत नाही. शेजाऱ्याचा गोठा आणि दूर शहरातील ग्राहकही सुरक्षित होतो. मात्र त्याचे मोल पशुपालकाला मिळत नाही. अर्थशास्त्रात यास अनुकूल बाह्य परिणाम म्हणतात. अशा वेळी व्यक्ती समाजाच्या गरजेपेक्षा कमी खर्च करते. याउलट, रोगी गाय बाजारात विकल्यास विक्रेत्याचे नुकसान टळते, परंतु रोग दुसऱ्या गोठ्यात पोहोचतो.

ही विसंगती शासकीय खात्यांमध्येही आढळते. मंगोलियात १९९० च्या दशकात जुनी अर्थव्यवस्था कोसळल्यानंतर पशुवैद्यकीय सेवा खिळखिळी झाली आणि ब्रुसेल्लोसिसने पुन्हा डोके वर काढले. तेथील दहा वर्षांच्या सार्वत्रिक पशुलसीकरणाविषयीचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार अपेक्षित खर्च ८३ लाख डॉलर, तर समाजाला होणारा एकूण लाभ २ कोटी ६६ लाख डॉलर, म्हणजे खर्चाच्या ३.२ पट होता. आरोग्य खात्याने केवळ स्वतःची बचत पाहिली असती, तर हा सारा खर्च त्यास परवडणारा नव्हता. परंतु लाभाच्या प्रमाणात खर्च वाटून घेतल्यास आरोग्य खात्याचा वाटा अवघा ११ टक्के ठरत होता. एकेका खात्याच्या ताळेबंदात तोट्याचे दिसणारे काम एकत्रित हिशेबात फायद्याचे ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

रेबीज : गोव्याचा अनुभव

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळपास अटळ असतो. भारतात या रोगाने दरवर्षी १८ ते २० हजार मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. २०२२-२३ मधील देशव्यापी सर्वेक्षणाच्या आधारे हा आकडा सुमारे ५,७०० इतका काढण्यात आला. त्याच पाहणीनुसार प्राणिदंशाच्या घटना मात्र वर्षाला सुमारे ९१ लाख आहेत. दंशानंतरच्या लसीकरणाने रुग्णाचा जीव वाचतो, पण कुत्र्यांमधील संसर्ग थांबत नाही. त्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक मानले जाते.

गोव्यात राज्य शासन आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी हा मार्ग अवलंबिला. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचण्यात आली आणि शालेय मुलांचे प्रबोधन करण्यात आले. २०१३ ते २०१९ या काळातील कार्यक्रमाच्या मूल्यमापनात कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाचविण्यास सुमारे ५२६ डॉलर खर्च आला. येथेही खर्च कुत्र्यांवर झाला आणि जीव माणसांचे वाचले.

माहिती देणाऱ्यास संरक्षण

रोगाची पहिली चाहूल पशुपालकाला लागते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक निश्चित झाला आणि कोंबड्या मोठ्या प्रमाणावर नष्ट कराव्या लागल्या. अशा प्रसंगी रोगाची वर्दी देणाऱ्याची उपजीविकाच संपुष्टात येते. भरपाई अपुरी वा विलंबाने मिळणार असेल, तर रोग लपविण्याकडे कल वाढतो. त्यामुळे भरपाईची रक्कम ही केवळ मदत नसून वेळेवर मिळणाऱ्या माहितीची किंमत होय.

संस्थात्मक चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि पशुरोग प्रतिबंध हे राज्यसूचीतील स्वतंत्र विषय आहेत. मात्र समवर्ती सूचीतील २९ व्या नोंदीत माणसे, प्राणी व वनस्पती यांच्या सांसर्गिक रोगांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा प्रसार रोखण्याचा एकत्रित उल्लेख आहे. २००९ चा पशुरोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा, ब्रुसेल्लोसिसचा समावेश असलेला २०१९ चा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम आणि २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीजच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवणारा २०२१ चा राष्ट्रीय कृती आराखडा हे या दिशेने पडलेले महत्त्वाचे टप्पे होत. नागपूर येथील राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली.

तथापि, जिल्हा पातळीवर पशुवैद्यक, वैद्यकीय अधिकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांची माहिती व निधी एकत्र आल्याशिवाय ही चौकट फलदायी ठरणार नाही. कालवडीला टोचलेली लस कोणत्या खात्याच्या हिशेबात लिहिली गेली, याला गोठ्यात राबणाऱ्या स्त्रीच्या लेखी महत्त्व नाही. ती लस वेळेवर टोचली गेली की नाही, यावरच तिचे आरोग्य आणि तिच्या कुटुंबाची मिळकत अवलंबून आहे.