सूर्यावरचे डाग आणि दख्खनचा दुष्काळ

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मेली. १८७७ साली लॉकियर आणि हंटर यांनी मांडलं, की सूर्यावरचे डाग कमी असतात तेव्हा मद्रासकडे पाऊसही कमी पडतो. डागांचं हे चक्र साधारण ११ वर्षांचं. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी आकडे ताडून पाहिले, तर संबंध दुबळाच निघाला. या चक्रात सूर्याची ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते. परिणाम शून्य आहे असं नव्हे. पण दोन गोष्टी बरोबर घडल्या, म्हणून एकीला दुसरीचं कारण आपण म्हणू नये. आणि समजा, पाऊस सूर्यामुळेच हुकला. तरी त्याच काळात धान्य परदेशी जात होतं, ते काही सूर्याने पाठवलं नव्हतं.