लहान कृषि-वाहिनीचे प्रेक्षक कसे वाढवावेत

सुधारलेल्या शेतीचे ज्ञान संशोधन केंद्रापासून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचविणे हे विस्तार-कार्याचे मुख्य काम होय. त्यासाठी निरनिराळ्या काळी निरनिराळी साधने वापरण्यात आली. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने सुमारे १५० खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या दूरचित्रवाणीवर ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला. आज मोबाइल फोन हे तसेच एक साधन झाले असून यूट्यूबवर स्वतःची वाहिनी कोणासही विनामूल्य उघडता येते. त्यामुळे अनेक ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी चित्रफिती तयार करू लागले आहेत.

परंतु वाहिनी उघडणे जितके सोपे, तितके ती लोकांकडून पाहिली जाणे सोपे नाही. दहाबारा चित्रफिती होतात, प्रत्येकीस चाळीसपन्नास प्रेक्षक मिळतात आणि काम थांबते. ह्याचा दोष बहुधा यंत्रसामग्रीकडे दिला जातो. वास्तविक साधा मोबाइल ह्या कामास पुरतो. उणीव असते ती प्रेक्षक ठरविण्यात, वेळ साधण्यात व मांडणीत.

प्रेक्षक कोण, हे आधी ठरवावे

‘सर्व शेतकऱ्यांसाठी’ काढलेली चित्रफीत बहुधा कोणाच्याच उपयोगी पडत नाही. आज द्राक्षाची छाटणी, उद्या शेळीपालन, परवा अनुदानाची योजना अशी सरमिसळ असली म्हणजे आलेला प्रेक्षक पुन्हा येत नाही. कारण पुढील चित्रफीत आपल्या कामाची असेल अशी खात्री त्यास वाटत नाही. म्हणून प्रारंभी एक भाग व एक किंवा दोन पिके निवडावीत. ‘काळ्या जमिनीतील कोरडवाहू सोयाबीन व तूर’ एवढीच मर्यादा घातली तरी वर्षभर पुरेल इतके विषय त्यात आहेत. मर्यादा घातल्याने प्रेक्षक कमी होतील अशी भीती बाळगू नये. ज्याचे ते पीक आहे तो शेतकरी टिकतो, आणि तोच आपल्या शेजाऱ्यास सांगतो.

माहिती कामाच्या आधी पोहोचावी

शेतीतील प्रत्येक सल्ल्यास हंगाम असतो. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती घरी कशी तपासावी हे दाखविणारी चित्रफीत एप्रिल-मेमध्ये आली तर ती पाहिली जाते. जुलैत आली तर तिचा कोणास उपयोग नाही. ह्या तपासणीत शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहादहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करतात व आठवड्याने उगवलेले दाणे मोजतात. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाण्याचे नेहमीचे प्रमाण, म्हणजे एकरी ३० किलो, पुरते. एवढी एकच गोष्ट चार मिनिटांत हातांनी करून दाखविली तर शेतकरी त्याच दिवशी ती घरी करून पाहू शकतो.

त्याचप्रमाणे कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कसे लावावेत हे पीक पात्यावर येण्यापूर्वी दाखवावे, आणि डोमकळी कशी ओळखावी हे फुलोऱ्याच्या प्रारंभी. वर्षारंभी पिकाच्या अवस्थांचा तक्ता करून प्रत्येक अवस्थेच्या दोन आठवडे आधी कोणती चित्रफीत द्यावयाची हे लिहून ठेवावे. आठवड्यास एक चित्रफीत ठरल्या वारी देणे हे एका आठवड्यात पाच देऊन दोन महिने गप्प बसण्यापेक्षा केव्हाही चांगले.

शीर्षक व पहिले अर्धे मिनिट

शेतकरी यूट्यूबवर काही शोधतो तेव्हा तो आपल्या बोलीतील शब्द लिहितो किंवा बोलतो. म्हणून शीर्षकात त्याचेच शब्द असावेत. ‘सोयाबीन बीजगुणवत्ता व्यवस्थापन’ ह्यापेक्षा ‘घरचे सोयाबीन बियाणे उगवेल का? अशी करा तपासणी’ हे शीर्षक अधिक उपयोगी. शीर्षकासोबत दिसणारे चित्रही साधे असावे: हातात धरलेली डोमकळी किंवा उगवलेले दाणे, आणि मोठ्या अक्षरांत तीनचार शब्द. मोबाइलच्या लहान पडद्यावर ह्याहून अधिक वाचता येत नाही.

लांबलचक नमस्कार, संगीत व स्वतःची ओळख ह्यांत पहिले मिनिट गेले की निम्मा प्रेक्षक उठून जातो. चित्रफितीच्या प्रारंभीच अडचण काय आणि शेवटी काय समजेल हे सांगून कामास लागावे. आवाजाकडे विशेष लक्ष द्यावे. शेतात वारा असतो. बोलणाऱ्याच्या सदऱ्यास लावावयाचा छोटा माइक वापरावा, आणि तो नसेल तर फोन जवळ धरून वाऱ्याकडे पाठ करून बोलावे. चित्र थोडे अस्पष्ट असले तरी प्रेक्षक सहन करतो. शब्द ऐकू आले नाहीत तर तो थांबत नाही.

शेतकऱ्यास बोलू द्यावे

२००६ च्या सुमारास बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च ह्या संस्थेत ‘डिजिटल ग्रीन’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात गावच्याच शेतकऱ्यांच्या चित्रफिती काढून त्या खेड्यातील लहान गटांना दाखविण्यात येत, आणि स्थानिक कार्यकर्ता मध्ये थांबून चर्चा घडवून आणी. पडद्यावरील मनुष्य आपल्यासारखाच, आपल्या भागातील आहे असे दिसले म्हणजे सल्ल्यावर विश्वास बसतो, हा त्या कामाचा मुख्य धडा होय. १९५६ च्या रेडिओ मंडळांतही कार्यक्रम ऐकून झाल्यावर गावकरी एकत्र चर्चा करीत व त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात.

लहान वाहिनीने हीच रीत चालवावी. ज्याने काम केले त्या शेतकऱ्यास त्याच्या शेतात, त्याच्या बोलीत बोलू द्यावे. खर्च किती आला, कोठे चुकले हेही विचारावे. नवी चित्रफीत चावडीवर किंवा शेतीशाळेत दहावीस जणांस एकत्र दाखवावी आणि तेथे निघालेले प्रश्न टिपून घ्यावेत. पुढील चित्रफितींचे विषय त्या वहीतूनच मिळतात.

आकडे कसे वाचावेत

यूट्यूब स्टुडिओ ह्या विभागात वाहिनीच्या मालकास तीन उपयुक्त आकडे मिळतात. चित्रफितीचे शीर्षक व चित्र किती वेळा लोकांसमोर आले, हा पहिला. त्यांपैकी शेकडा कितींनी ते उघडले, हा दुसरा. आणि उघडणारे किती वेळ टिकले, हा तिसरा. यूट्यूबने दिलेल्या माहितीप्रमाणे निम्म्या वाहिन्यांत व चित्रफितींत उघडण्याचे प्रमाण शेकडा २ ते १० असते. समजा, चित्रफीत १,००० वेळा समोर आली आणि ४० जणांनी उघडली. हे प्रमाण वाईट नव्हे. पण त्या ४० पैकी ३० जण पहिल्या मिनिटातच गेले असतील तर दोष प्रारंभाच्या मांडणीत आहे. उलट उघडणारे थोडे, पण ते शेवटपर्यंत थांबणारे असतील, तर शीर्षक व चित्र बदलून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशाने पडला हे समजते. खताच्या प्रयोगातही आपण असेच करतो.

मोहाच्या जागा

सदस्यसंख्या वाढविण्यासाठी पैसे देऊन सदस्य विकत घेणे किंवा एकमेकांचे सदस्य होण्याचा सौदा करणे हे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. शिवाय असे सदस्य चित्रफिती पाहात नाहीत. जाहिरातीच्या उत्पन्नातील वाटा मिळण्यासाठी २०१८ पासून १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तास प्रेक्षण अशी अट ठेवण्यात आली. लहान वाहिनीस तेथवर पोहोचण्यास बराच काळ लागतो. म्हणून उत्पन्नाच्या भरवशावर ह्या कामास हात घालू नये.

ह्याहून मोठा धोका अतिशयोक्तीचा आहे. ‘एकाच फवारणीत अळीचा नायनाट’ असे शीर्षक दिले तर गर्दी जमते. परंतु २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे विसरून चालणार नाही. अनेक औषधे एकत्र मिसळणे व संरक्षक कपड्यांवाचून फवारणे हे त्यातील मोठे धोके होते. चित्रफीत पाहून फवारणी करणारा मनुष्य सांगणाऱ्याच्या शब्दावर आपला जीव सोपवितो. म्हणून डब्याच्या लेबलवर त्या पिकासाठी व किडीसाठी दिलेले औषध व प्रमाण तेवढेच सांगावे, कृषि विद्यापीठाच्या शिफारशीशी ते ताडून पाहावे, हातमोजे व तोंडावर मास्क घातलेलाच मनुष्य दाखवावा. सल्ला चुकला असे आढळल्यास ती चित्रफीत ताबडतोब काढून टाकावी व दुरुस्ती स्वतंत्रपणे जाहीर करावी. त्यामुळे काही प्रेक्षक गेले तरी हरकत नाही.

येत्या हंगामात ज्या कार्यकर्त्यांस हे काम सुरू करावयाचे आहे त्यांनी एक पीक घ्यावे, त्याच्या चार अवस्था निवडाव्यात व चार लहान चित्रफिती वेळेआधी तयार ठेवाव्यात. हंगामाच्या शेवटी सदस्य किती झाले ह्याबरोबरच, आपल्या गटातील किती शेतकऱ्यांनी पेरणीपूर्वी बियाणे तपासले आणि कितींनी सापळे लावले, ह्याची नोंद करावी. ही दुसरी नोंद वाढत असेल तर वाहिनी योग्य मार्गावर आहे असे समजावे.