अक्कलकोट रोडवरची तपासणी गाडी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी सुटतेय. टॉवेल-चादरींच्या कारखान्यांतला मागांचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतोय. बाहेर पडणाऱ्यांच्या केसांवर, भुवयांवर सुताची पांढरी रुई बसलेली. चहाच्या गाड्यापासून जरा लांब, लिंबाखाली एक पांढरी व्हॅन उभी आहे. अंगावर लाल फीत रंगवलेली आहे, पण ती शोधल्याशिवाय दिसत नाही. डोळ्यांत भरतो तो दारातला फ्लेक्स: 'मोफत आरोग्य तपासणी'. खाली यादी आहे. वजन, बीपी, शुगर, एचआयव्ही.

"नुसता एड्सचा बोर्ड लावला की माणसं पलीकडच्या कडेनं जातात," गाडीबरोबरचा कार्यकर्ता सांगतो. "शुगर म्हटलं की जॉबरपण येतो."

आणि खरंच, पहिला येतो तो जॉबरच, मागांवरचा मुकादम. पन्नाशीचा, पोट सुटलेला. बीपीचा पट्टा बांधून घेताना तो मोठ्यानं विनोद करतो, मागची पोरं हसतात. तो गाडीत चढतो तसे त्याच्यामागून दोघं-तिघं रांगेत सरकतात. कार्यकर्ता माझ्याकडे बघून मान हलवतो. त्याचं निम्मं काम झालेलं आहे.

गाडीचे आत दोन भाग केलेत. पुढच्या बाजूला दोन खुर्च्या आणि समुपदेशक ताई. पडद्यापलीकडे तंत्रज्ञ, त्याचं छोटं टेबल, किटचे खोके, सुया टाकायचा पांढरा डबा. पडदा ओढला की आतलं बोलणं बाहेर येत नाही, कारण ड्रायव्हर मुद्दाम टेपवर गाणी लावून ठेवतो.

ताई सोलापूरच्याच. पूर्व भागातल्या बाईशी त्या तेलुगूत बोलतात, विजापूरकडच्या हमालाशी कन्नडात, बाकीच्यांशी मराठी नाहीतर सोलापुरी हिंदीत. कांड्या भरणारी एक बाई पायरीवरच अडून बसलीय. "भयं लेदु, अक्का," म्हणत ताई खाली उतरतात आणि तिच्या शेजारी पायरीवर टेकतात. बाईची शंका सुईबद्दलची नाही.

"कारखान्यात कळंल का?"

"नाही. नाव आमच्या वहीत राहतं. कुणाला सांगितलं तर गुन्हा आमच्यावर."

ताई ही नुसती समजूत घालत नाहीत. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माणसाची संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही, निकालाची वाच्यता नाही, आणि लागण आहे म्हणून नोकरीवरून काढणं नाही. फ्लेक्सवर यातलं एक अक्षर नाही. पायरीवर बसून ते ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगावं लागतं. बाई थोडा वेळ गप्प बसते, मग पदर सावरून आत जाते.

तंत्रज्ञ मला टेबलाशी उभं करून कोरं किट दाखवतो. बोटाच्या टोकावर मधोमध नाही, कडेला टोचायचं. पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा. थेंब पट्टीवर पडला की वर द्रावणाचे थेंब, मग घड्याळाकडे नजर. आधी कंट्रोलची रेघ उमटली पाहिजे. ती नाही उमटली तर पट्टी बाद. "आणि दुसरी रेघ आली तरी मी पॉझिटिव्ह म्हणत नाही," तो बजावतो. "ही फक्त चाळणी. पक्का निकाल तीन वेगवेगळ्या किटवर, सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन-तपासणी केंद्रात." उलटही खरं आहे. लागण अगदी ताजी असेल तर पट्टी कोरी राहू शकते. म्हणून जोखीम नुकतीच घडली असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा या, असं ताई आवर्जून सांगतात.

मी खाली उतरतो. आता माणसं एकेक करून आत जातायत, बाहेर येतायत. कुणाच्या पट्टीवर काय उमटलं हे मला कळत नाही, आणि कळू नये अशीच इथली व्यवस्था आहे. ताई प्रत्येकाला निकालानंतर सारखाच वेळ बसवतात. ज्याचं काही नाही तोही लगेच उतरत नाही. त्याला कंडोमचं, दारूचं, पुढच्या तपासणीचं बोलणं ऐकावंच लागतं. नाहीतर जो जास्त वेळ आत बसला त्याच्याकडे चहाच्या गाड्यावरून दहा डोळे वळले असते. सगळ्यांच्या हातात तोच घडी घातलेला कागद दिसतो.

रांगेतला एक विशीतला पोरगा गाडीकडे बघत उभा आहे. सिव्हिलला का जात नाहीस, मी विचारतो. "खाडा पडतो की," तो म्हणतो. माग चालला तर मजुरी, नाहीतर नाही. विडी वळणाऱ्या बायकांचा हिशेबही तोच, हजार विड्यांवर. दवाखान्यात केस पेपर काढायचा, रांगेत थांबायचं, निकालाला पुन्हा रांग. तेवढ्यात दिवस बुडतो. सरकारी तपासणी फुकट असली तरी या माणसांना ती एका रोजाला पडते. गाडी त्यांच्या दारात येते ती एवढ्यासाठी.

महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशात सर्वांत जास्त आहे, आणि सोलापूर हे हमरस्त्यांच्या तिठ्यावरचं गाव. पुणे-हैदराबाद आणि विजापूरकडे जाणारे ट्रक इथून जातात. सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या हंगामात रात्री गाड्यांच्या रांगा लागतात. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल यांच्यासाठी अशी गाडी तिथंही रात्री उभी करावी लागते. दिवसा तिथं झोपलेली माणसं भेटतात, असं कार्यकर्ता सांगतो.

अंधार पडलाय. रांग संपत आली. तंत्रज्ञ वापरलेल्या सुयांचा डबा बंद करतो, ताई वही मिटवतात. आजचा आकडा चांगला आहे का, असं मी विचारतो.

"आकडा उद्या कळतो," ताई म्हणतात. "ज्यांना सिव्हिलला बोलावलंय, ते आले तर."

गाडीची खरी परीक्षा इथं आहे. टोचायला माणूस थांबतो, कारण शेजारी शुगर तपासणारा असतो आणि समोर चहा असतो. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला एकट्यानं, खाडा पाडून, पक्क्या तपासणीसाठी जायचं असतं. तिथं पोचला तर पुढची वाट मोकळी आहे. देशात एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळतात. पूर्वी रक्तातल्या रोगप्रतिकारक सीडी-4 पेशी ठराविक आकड्याखाली येईपर्यंत औषधासाठी थांबवलं जाई. 2017 पासून निदान झालं की उपचार सुरू, असं धोरण आहे. सध्या बहुतेकांना रोजची एकच गोळी पुरते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याच्या पातळीखाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईला वेळेत औषध मिळालं तर बाळ सुखरूप राहण्याची शक्यता कितीतरी वाढते. याच जिल्ह्यात पंढरपूरला मंगलताई शहांच्या 'पालवी'त एचआयव्हीसह जन्मलेली, घरच्यांनी टाकलेली मुलं वाढली आहेत. आईची तपासणी वेळेवर होण्याला काय मोल आहे, हे तिथं समजतं.

म्हणून ताई उद्या सकाळी सिव्हिलच्या दारात उभ्या राहणार आहेत. बोलावलेल्यांना तिथं ओळखीचा चेहरा दिसावा, केस पेपरच्या रांगेतून कुणी परत जाऊ नये, यासाठी. सरकारी अहवालात किती जणांना टोचलं ते आधी छापलं जातं. किती जण दुसऱ्या दिवशी पोचले, हा आकडा त्याच्या वर छापायला हवा. आणि कारखानदारांनी एवढं करावं: सिव्हिलला गेलेल्या कामगाराचा तो खाडा धरू नये, आणि कशाला गेला होतास हेही विचारू नये.

गाडीपर्यंत येणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी 1097 हा फोन आहे. मोफत आहे, आणि तिथंही माहिती गुप्त राहते.