पंखा बंद करा, आजी बोलतायत

नवी मुंबईतल्या गावठाणात मुलाखत ध्वनिमुद्रित करायची तर आधी पंखा बंद करायचा, मग फ्रीज, मग रस्त्याकडची खिडकी. आपला कान नको ते आवाज गाळून ऐकतो, मायक्रोफोन गाळत नाही. म्हणून हेडफोन लावून मिनिटभर नमुना ऐकल्याशिवाय सुरुवात करू नये.

अवघड असतं ते विचारणं. १९७०मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४मध्ये जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, जासई परिसरात पाच जण हुतात्मा झाले. "आंदोलनाचं सांगा" म्हटलं की हेच, सभेत ऐकलेलं, पाठ झालेलं उत्तर येतं. त्याऐवजी मी गावातल्या एका आजींना विचारलं, "शेतावर जायची वाट कुठून होती?" त्या बोटाने जमिनीवर रेघ ओढत राहिल्या: बांध, उघाडी (खाडीचं पाणी अडवायचं-सोडायचं दार), मिठागर, भरतीला पाणी कुठवर यायचं, लावणीला कुणाच्या घरची माणसं यायची. मध्ये त्या बराच वेळ गप्प बसल्या. अशा वेळी पुढचा प्रश्न टाकायचा मोह आवरायलाच हवा. बहुतेकदा खरी गोष्ट त्यानंतर येते.

सुरू करण्याआधी संमती रेकॉर्डिंगवरच घ्यावी. शेवटीही पुन्हा विचारावं, कारण बोलून झाल्यावर एखादा भाग वगळावासा वाटू शकतो. तो त्यांचा हक्क आहे.

मूळ फाइल 'वेव्ह' स्वरूपात ठेवावी. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, एका मायक्रोफोनचा तास साधारण अर्धा जीबी होतो. तिला कात्री लावायची नाही, संपादन प्रतीवर करायचं. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. फाइलच्या नावात तारीख आणि गाव. व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप म्हणजे जतन नव्हे.

मुलाखत लिहून काढताना इथली आगरी बोली 'सुधारू' नये, 'पानी' हे 'पानी'च राहू द्यावं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांच्या प्रकल्पातल्या जात्यावरच्या ओव्या आज 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संग्रहात भेटतात, त्या गाणारीच्या नावागावासकट. नाव-गाव नसलेला आवाज पुढच्या अभ्यासकाला फारसा उपयोगी पडत नाही.

१९७०मध्ये विशीत असलेली माणसं आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर या रविवारीच बसा, आणि पहिली प्रत त्यांच्याच हाती द्या.