मोकळं जाळं (भाग ६) : मालक नसलेले सर्व्हर

मागच्या भागात मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कची रचना पाहिली. सर्व्हर हजारो, प्रत्येकाचा अॅडमिन वेगळा, तरी सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं चालू. मग इथे धुडगूस घालणाऱ्याला हाकलायचं कोणी?

फेब्रुवारी २०२४च्या मध्याला या प्रश्नाची चांगलीच परीक्षा झाली. अनोळखी खात्यांकडून लोकांना धडाधड टॅग येऊ लागले. सोबत डबाबंद ‘स्पॅम’ मांसाचं चित्र आणि डिस्कॉर्डची लिंक. जपानमधल्या काही शाळकरी पोरांच्या आपसातल्या भांडणातून हे सुरू झालं, अशा बातम्या तेव्हा आल्या. पोरखेळच, पण त्याने जगभरच्या अॅडमिनांची झोप उडवली. कारण हल्लेखोर मोठ्या सर्व्हरांच्या वाटेला फारसे गेलेच नाहीत. कोणीतरी हौसेने उभारलेले, नंतर विसरलेले छोटे सर्व्हर त्यांनी हेरले. तिथे नोंदणी खुली होती आणि पाहणारं कोणी नव्हतं. स्क्रिप्ट लावून खाती काढायची आणि तिथून सगळीकडे मारा करायचा. कॉलनीतल्या ओसाड प्लॉटवर कचरा पडतो, तसंच हे.

एकेक खातं उडवून भागत नव्हतं. एक घालवलं की दुसरं हजर. अख्खा सर्व्हर तोडावा, तर तिथल्या चार सज्जनांचे सगळे धागे तुटतात. म्हणून मॅस्टोडॉनमध्ये मधली पायरी आहे: ‘लिमिट’. तसं केलं की त्या सर्व्हरवरच्या पोस्ट तिथल्यांना फॉलो करणाऱ्यांनाच दिसतात, इतरांना त्यांचा उपद्रव होत नाही. अशा हल्ल्यात आधी ‘लिमिट’, मग चौकशी, आणि अॅडमिन उत्तरच देत नसेल तर ‘सस्पेंड’, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. त्यानंतर आलेल्या ४.२.८ या आवृत्तीत तर सॉफ्टवेअरनेच अॅडमिनवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. आठवडाभर एकही मॉडरेटर फिरकला नाही, तर खुली नोंदणी आपोआप बंद होते आणि नव्या खात्याला मंजुरी लागते. सोपा उपाय, पण आधीच सुचायला हवा होता.

द्वेष पसरवणाऱ्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे मालक हजर असतो आणि त्याला हे सगळं चालतं. जुलै २०१९ मध्ये ‘गॅब’ हे अमेरिकेतलं, द्वेषपूर्ण मजकुरासाठी बदनाम नेटवर्क मॅस्टोडॉनच्या कोडवर आलं. कोड मुक्त परवान्याचा, त्यामुळे वापरू नका म्हणायची सोय नाही. मग एकामागून एक सर्व्हरांनी त्याला ब्लॉक केलं. काही अॅपांनी तर गॅबवर लॉग-इन करायची वाटच बंद केली. बंदी कोणी घातली नाही, पण बोलायला कोणी उरलं नाही.

आता आपल्याकडचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्यावरून वाद पेटला आणि भारतातून मॅस्टोडॉनवर लोंढा आला. पण मराठी शिवी ओळखणार कोण? पुण्यातल्या ‘एल-थ्री-क्यूब’ गटाने २०२२ मध्ये पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्विटांचा ‘महाहेट’ हा संच तयार केला. द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील आणि साधी अशी त्यांची वर्गवारी केली. काम मोलाचं आहे, पण सर्व्हरवरच्या तक्रारी पाहणाऱ्या एखाद्या युरोपियन स्वयंसेवकाच्या हाताशी असं काही नसतं. जातीवरून मारलेला टोमणा, तोही रोमन लिपीत, भाषांतराच्या बटणाने त्याला कळणार नाही.

म्हणून रिपोर्ट करताना नुसतं बटण दाबून सोडू नका. तिथे टिपणासाठी जागा असते. हा शब्द कोणाविरुद्ध वापरतात आणि त्यात गैर काय, हे दोन ओळींत इंग्रजीत लिहा. खातं दुसऱ्या सर्व्हरवरचं असेल, तर तक्रारीची प्रत तिकडे पाठवायचा पर्यायही निवडा. त्या प्रतीवर तुमचं नाव जात नाही. मात्र टिपण तिकडच्या अॅडमिनलाही वाचता येतं, तेव्हा स्वतःची ओळख पटेल असं त्यात काही लिहू नका.

हे सारं वाचणारे मॉडरेटर बहुतेक बिनपगारी असतात. त्यांचा आणि सर्व्हरचा खर्च कोण उचलतं, ते पुढच्या आठवड्यात.